गप्पी आणि जावईबापू

हसनाबादला एप्रिल लागला की पाण्याचा हिशेब हंड्यात सुरू होतो. अशा गावात मी भर उन्हाळ्याच्या तोंडावर दोन फूट लांब, फूटभर रुंद आणि फूटभर उंच फिश टँक आणला. गुणाकार केला तर छप्पन लिटर. आईनं गुणाकार न करताच सांगितलं, "पाच हंडे. लोकं टँकरची वाट पाहू राहिले अन् तू मासे पोहायला घालू राहिला!"

मासे आणले संभाजीनगरहून. दोन गोल्डफिश. फुगवलेली प्लास्टिकची पिशवी मांडीवर घेऊन एसटीत बसलो. शेजारचे बाबा अर्धा रस्ता पिशवीकडे बघत होते. शेवटी त्यांना राहवेना. "किलोनं का नगानं?" मी म्हणालो, खायचे नाहीत, शोभेचे आहेत. "मंग यायला खाऊ कोण घालणार?" या प्रश्नातली खोच मला घरी आल्यावर आठ दिवसांनी कळली.

गोल्डफिशला जठर नसतं. खरंच नसतं. कार्प कुळातल्या माशांची ही खोड आहे. राहू-कटल्याचे हे चुलतभाऊच, फक्त चिनी लोकांनी हजार वर्षं निवडून-निवडून त्यांना सोनेरी केलं. खाल्लेलं थेट आतड्यात जातं, त्यामुळे पोट भरलं म्हणजे काय हे त्यांना ठाऊकच नाही. मी खोलीत शिरलो की दोघं काचेला तोंड लावून उभे. आईनं दोन दिवस पाहिलं आणि नावं ठेवली, थोरले जावई आणि धाकटे जावई. "बसून खायचं, अन् खाल्लं की लगेच घाण करायची," ती म्हणाली. माशांच्या बाबतीत हे शास्त्रशुद्ध आहे. गोल्डफिश अमोनिया भरपूर सोडतो. त्या अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू टाकीत जम बसवायला महिना-दीड महिना घेतात, तोवर पाणी बदलत राहायचं. म्हणजे पुन्हा हंडे. (माझ्या खऱ्या जावयानं हे वाचू नये.)

गप्पी आमच्याकडे रीतसर सरकारी मार्गानं आले. आरोग्य केंद्राची माणसं डासांच्या अळ्या बघायला घरोघरी फिरतात. रांजण, कूलर, पडलेले टायर, सगळीकडे बॅटरी मारतात आणि आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा म्हणून सांगतात. त्या गृहस्थांनी फिश टँकमध्ये बॅटरी मारली आणि म्हणाले, "यात काही नाही." मग मागच्या अंगणातल्या हौदात मारली. "यात आहे." दुसऱ्या दिवशी त्यांनी पाण्याच्या बाटलीतून अळ्या खाणारे डझनभर गप्पी आणून दिले. फुकट.

मासे होते हौदासाठी. पण बाटली उजेडात धरली तर नरांच्या शेपट्यांवर निळे, शेंदरी ठिपके, काळ्या रेघा. एवढं लेणं अंधाऱ्या हौदात टाकायचं? मी ते जावयांच्या टाकीत सोडले. सरकारी मालाचा अपहार म्हणतात तो हाच. दुकानदाराला आधी फोन केला होता, "दोन्ही एकत्र जमतील का?" तो म्हणाला, "जमतात की!" तो खोटं बोलला नाही. माझाच प्रश्न चुकला होता. जमतील का, असं लग्नात विचारतात. माशांत विचारायचं, मावेल का?

जाता जाता गप्पीच्या नावाचं सांगतो. याचा गप्पांशी संबंध नाही, मासा तसा गप्पच असतो. त्रिनिदादच्या लेचमियर गप्पी नावाच्या साहेबानं 1866 च्या सुमारास हे मासे लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाठवले आणि तिथल्या पंडितांनी त्याचं नाव माशाला दिलं. पुढे लक्षात आलं की एका जर्मन शास्त्रज्ञानं 1859 मध्येच या माशाची नोंद केलेली आहे. मग कागदोपत्री जर्मनानं दिलेलं नाव राहिलं, लोकांच्या तोंडी गप्पी. सातबाऱ्यावर एक नाव आणि गावात दुसरं, हा प्रकार आपल्याकडेच आहे असं नाही.

तर पहिल्या आठवड्यात बाराचे अकरा झाले, मग नऊ. मला वाटलं मोजताना चुकतंय. गप्पी एका जागी थांबत नाहीत. मग एका सकाळी थोरले जावई कोपऱ्यात शांत उभे दिसले. तोंड मिटलेलं, आणि मिटलेल्या ओठांतून शेंदरी ठिपक्याची शेपटी बाहेर. शेपटी एकदा हलली. मग जावयांनी पान गिळल्यासारखी मान थोडी वर केली आणि तीही आत गेली. गोल्डफिशचे दात जबड्यात नसतात, घशात असतात. त्यामुळे चेहऱ्यावर काही दिसत नाही. इतका निष्पाप चेहरा मी फक्त निवडणुकीआधी पाहिलाय.

त्यातच एक मादी गाभण होती. गप्पी अंडी घालत नाहीत, थेट पिल्लं देतात, साधारण महिन्याला एक वेत. एकदा नर भेटला की पुढच्या कितीतरी वेतांची सोय मादी पोटात साठवून ठेवते. एका संध्याकाळी दिवेलागणीला तिनं पिल्लं द्यायला सुरुवात केली. डोळे तेवढे दिसावेत एवढी पिल्लं, पडली की खाली जायची आणि लगेच सरळ पोहायची. आम्ही तेवीस मोजली. बायकोनं हौसेनं साखर वाटली. मी टाकीजवळच खाट टाकली, पण डोळा लागला. सकाळी दोन उरली होती, फिल्टरच्या स्पंजामागे. जावयांबरोबर जन्मदात्रीनंही हात मारला असणार, गप्पीत तशी रीत आहे. पण आळ जावयांवर आला, आणि आईनं त्यांचा नाश्ता बंद केला.

मामांचं शेततळं आहे. त्यांनी ऐकलं आणि हसले. "आमच्याकडं कटला वरचं खातो, राहू मधलं, मृगळ तळाचं. तीन भाऊ एका तळ्यात, वाटणी पक्की, कोर्टकचेरी नाही." शिवाय तिघांचं बी एकाच मापाचं सोडलेलं असतं, कुणी कुणाच्या तोंडात मावत नाही. माझ्या टाकीत पुस्तकी वाटणी होती तीही अशीच, गप्पी वरचं खाणार आणि गोल्डफिश तळाची वाळू चाळणार. जावयांनी ती मंजूर केली नाही.

शेवटचा तुकडा मे महिन्यात पडला. पारा बेचाळीसला, रात्री लाइट गेली, हवेचा पंप बंद. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो, आणि गोल्डफिश मुळात थंड पाण्याचा. दोन्ही जावई वर येऊन तोंड वासायला लागले. गप्पी पाण्याच्या अगदी वरच्या पातळ थरात तोंड लावून मजेत. त्यांचं तोंडच वर वळलेलं असतं. मग मी तांब्यानं टाकीतलंच पाणी काढून हातभर उंचीवरून परत टाकीत ओतायला लागलो. पडत्या पाण्याबरोबर हवा मिसळते. एक वाजला, दीड वाजला, हात भरून आला. बायकोनं तांब्या घेतला. मग आई उठली, ज्या बाईनं महिनाभर त्यांना शिव्या दिल्या ती. टाकीला ओलं गोणपाट गुंडाळून ती पाटावर बसली आणि पुटपुटत संथ धार धरली. मी कान देऊन ऐकलं, अथर्वशीर्ष चाललं होतं. लाइट पावणेचारला आली. जावई वाचले.

सकाळी उरलेले सात गप्पी आणि ती दोन पिल्लं मी गपचूप हौदात सोडली, जिथे गप्पी आधीच जायला हवे होते. ना पंप, ना दुकानातलं खाणं. आज हौदात बॅटरी मारली तर एक अळी दिसत नाही, आणि मासे मोजायचं मी सोडून दिलंय. जावई टाकीत दोघंच आहेत, सकाळ-संध्याकाळ काचेला तोंड लावून.

तुमच्या हौदात अळ्या असतील तर या, हवे तेवढे गप्पी न्या. गिरजा नदीत किंवा ओढ्यात मात्र सोडू नका, तिथल्या गावठी माशांच्या पोटावर पाय येतो. बाटली घरून आणा. आणि घरी गोल्डफिश असेल तर आधीच सांगा, त्याच्यासाठी मी एकही देणार नाही.