काल्याला गायब

सप्ताहाचं गणित बीड जिल्ह्यात शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. मधले एखाद-दोन महाराज रटाळ निघाले तरी चालतं. शेवटच्या दिवशीचं काल्याचं कीर्तन मात्र रंगलंच पाहिजे, आणि पंगतीत वाढप्यांनी बादल्या घेऊन धावलंच पाहिजे. भगवानगडाच्या नारळी सप्ताहात तर पुढच्या वर्षीचा नारळही दिला जातो. म्हणजे पुढच्या भागाची घोषणा, तीही मंडळी खूश असताना!

मालिकावाले नेमके काल्यालाच गायब. 'गेम ऑफ थ्रोन्स'चा 2019 मधला शेवट बघून दहा लाखांवर लोकांनी 'शेवटचा सीझन पुन्हा करा' म्हणून सह्या केल्या. आपली 'रात्रीस खेळ चाले' 2016 मध्ये संपली, तेव्हा रहस्य उलगडलं आणि प्रेक्षक वैतागले. पुढच्या खेपेला दोन्ही मालिकावाल्यांनी पळवाट एकच धरली: शेवटाच्या पुढं न जाता गोष्टीच्या आधीचं दाखवायचं. 2019 मध्ये 'रात्रीस खेळ चाले'च्या दुसऱ्या भागात अण्णा नाईक आणि शेवंता या पात्रांनी लाज राखली, हे कबूल. पण दर वेळी शेवंता आणायची कुठून?

चॅनेलच्या लेखकांनी एकदा आमच्याकडं सप्ताहाला यावं. पहिल्या दिवशी नाही आलात तरी चालेल, काल्याला या.