पिवळेपणास अनावृत पत्र

रा. रा. पिवळेपणा यांस,
स. न. वि. वि.

केस रंगवणं सोडलं तेव्हा वाटलं, सुटले! वाटीत डाय कालवणं नको, कपाळावर काळे ओघळ नकोत. आता नुसतं बसायचं आणि डोक्यावर चांदी उगवू द्यायची. चांदी यायच्या आत आपण हजर.

एरवी आपला मान केवढा! नवरीच्या हळदीत आपण, जेजुरीच्या पायऱ्यांवर भंडारा होऊन आपण, सराफाच्या काचेआड तर आपलाच भाव. एवढी मानाची ठिकाणं सोडून आपण माझ्या कानशिलांवर मुक्काम ठोकलात, हा आपला मोठेपणा.

आपण नेमके शिरता कुठून, याची चौकशी केली. पांढऱ्या केसात मेलॅनिन नसतं, त्यामुळे उन्हाला अडवायला कुणी नाही. केराटिन उन्हानं पिवळं पडतं. बोअरच्या पाण्यातलं लोह केसाला चिकटून बसतं. दोनशे अंशांवर तापलेला स्ट्रेटनर केस करपवतो. माक्याचं गडद तेलही आपलीच बाजू घेतं. जुन्या मेंदीचं तर विचारूच नका. तिच्यातलं लॉसोन केराटिनला असं धरतं की धुण्यानं सुटत नाही, कात्रीनंच सुटतं. केस वाढतो महिन्याला जेमतेम सव्वा सेंटिमीटर. म्हणजे खांद्यापर्यंतचा केस मुळापासून टोकापर्यंत माझा स्वतःचा व्हायला दोन वर्षं!

तोवर आपल्या स्वागताला जांभळा शाम्पू. रंगचक्रात जांभळा बरोबर आपल्यासमोर बसतो, म्हणून तो आपल्याला फिका पाडतो. आई धोतराला नीळ द्यायची तीच ही विद्या, फक्त बाटली महाग. आठवड्यातून एकदा, काही मिनिटं, बस. जास्त वेळ ठेवला तर डोक्यावर जांभळाचा हंगाम. मेंदीच्या नारिंगी छटेला जांभळा पुरत नाही, तिथे निळा लागतो. आणि एवढं करून आपण जात नाही, नुसते झाकले जाता. बोअरच्या पाण्याचे क्षार खरोखर काढायचे तर ईडीटीए असलेला वेगळा शाम्पू, आणि उन्हात निघताना डोक्यावर ओढणी. डाय होता तेव्हा एक डबी पुरायची. आता ‘नैसर्गिक’ झाल्यापासून मोरीतल्या फळीवर जागा उरलेली नाही.

हे सगळं कशासाठी? तर परवा लग्नात एक मावशी म्हणाल्या, “पांढरे शोभतात हो तुला, पण जरा कळकट दिसतात.” म्हणजे बायकांना म्हातारं व्हायला आता समाजाची परवानगी मिळाली आहे, फक्त कल्हई करून.

तेव्हा नम्र विनंती : मुक्काम हलवावा. पर्यायी जागा मी पाहून ठेवली आहे. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांच्या पांढऱ्या मिशा. विडीच्या धुरानं तिथे आपली वस्ती आधीपासूनच आहे, पाहुणचारात काही कमी पडणार नाही. शिवाय त्यांना आजवर एकाही मावशीनं जांभळा शाम्पू सुचवलेला नाही. उलट सगळ्या म्हणतात, “काय रुबाब आहे!”

कळावे, लोभ नसावा.

आपली,
निम्मी काळी, निम्मी पांढरी, मधे आपण