उलट्या हातातली काठी

चौकातील अस्थिरोगनिदान ही विनामूल्य सार्वजनिक सेवा आहे. सावनेरात ती बस स्थानकासमोरच्या टपऱ्यांवर सकाळच्या तर्री-पोह्यापासून नागपूरच्या शेवटच्या गाडीपर्यंत मिळते. तिच्यासाठी नाव नोंदवावे लागत नाही आणि रुग्णाने काही विचारलेले असण्याचीही गरज नसते. काठी, कुबडी, वॉकर किंवा चाकाची खुर्ची नजरेच्या टप्प्यात आली की तपासणी सुरू होते. खर्रा घोटून होईपर्यंत निकालही लागतो.

निकाल दोनच : ‘बिचारा’ आणि ‘नाटक’. बिचारा ठरायच्या अटी कडक आहेत. वय साठीच्या पुढचे हवे. पाय पाहताक्षणी बारीक, वाकडा किंवा गैरहजर दिसायला हवा. चेहरा उतरलेला हवा, कपड्यांना इस्त्री नको, आणि हसणे तर मुळीच नको. पंचविशीतला पोरगा काठी टेकत आला आणि वर मोबाइलवर कुणाशी हसून बोलला, तर फाइल तिथेच बंद होते. ‘‘चांगला धडधाकट पोट्टा आहे बे. नाटक करून रायला.’’

यातली पायाची अट पोलिओच्या काळात तयार झाली. त्या आजाराने बारीक झालेला पाय दुरूनही ओळखू येई. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त ठरला. आजार गेला, त्याची मोजपट्टी चौकात राहिली. कायदा दरम्यान बराच पुढे सरकला. १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ते २१ झाले. पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस, हिमोफिलिया, स्नायूंचा ऱ्हास हे सगळे त्यात आले. चौकाच्या यादीत अजून एकच प्रकार आहे, आणि त्याचे नाव छापण्याजोगे नाही.

त्या २१ प्रकारांत सिकल सेलही आहे, आणि विदर्भाला हा आजार परका नाही. यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मांडीच्या हाडाच्या गोल डोक्याला रक्त पोहोचेनासे झाले की ते हाड आतून मरू लागते आणि विशी-पंचविशीतच खुबा बसतो. बाहेरून पाय शाबूत, पोटरी भरलेली. सुरुवातीला हा बिघाड एक्स-रेतही दिसत नाही, एमआरआय काढावा लागतो. टपरीवर मात्र तो रस्त्याच्या पलीकडून नुसत्या डोळ्यांनी, आणि तोही ‘नाही’ म्हणून, दिसतो.

निदानातला सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे काठीचा हात. डावा पाय लंगडतो आणि काठी उजव्या हातात, असे दृश्य दिसले की टपरीवर चोर पकडल्याचा आनंद पसरतो. ‘‘दुखते डावा, अन् काठी उजव्या हातात! खोटं बोलाले बी अक्कल लागते ना बाप्पा.’’ वास्तविक काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातातच धरायची असते. चालताना एका पायावर भार आला की कंबरेची दुसरी बाजू खाली झुकू पाहते. तिला तोलण्यासाठी टेकलेल्या पायाच्या खुब्याबाहेरचे स्नायू आवळून धरतात. शरीराचे वजन आणि हा ताण मिळून सांध्यावर वजनाच्या अडीच ते तीन पट भार पडतो. विरुद्ध हातातली काठी झुकणाऱ्या बाजूला टेकू देते, आणि ती दुखऱ्या खुब्यापासून लांब असल्यामुळे हाताच्या थोड्या जोरावर पुष्कळ भार हलका होतो. हापशीचा दांडा टोकाला धरला की पाणी सोपे येते आणि बुडाशी धरला की घाम येतो, तीच ही गोष्ट. टपरीवरच्या प्रत्येकाने जन्मात कधी तरी हापशी हापसलेली आहे. तरफेचा नियम त्याच्या दंडाला पाठ आहे, फक्त दुसऱ्याचा खुबा दिसला की तो विसरला जातो. या विसराळूपणातून एक अजब परीक्षा तयार झाली आहे. दवाखान्यात नीट शिकून, मूठ मनगटाच्या रेषेला येईल अशी काठी घेऊन, ती बरोबर हातात धरणारा माणूस या परीक्षेत नापास होतो. खरोखर सोंग आणणारा टपरीच्याच समजुतीने काठी दुखऱ्या बाजूला धरतो, आणि ‘बिचारा’ म्हणून पहिल्या वर्गात पास होतो. काही शहाणी माणसे मग हातच बदलतात : चौकापर्यंत डॉक्टरांनी सांगितलेला हात, चौकात चौकाला पटणारा हात, चौक संपला की पुन्हा पहिला. मधल्या चाळीस पावलांचा भार कोणत्याही परीक्षकाच्या खुब्यावर पडत नाही.

दुसरा पुरावा तारखांचा. रविवारी आदाशाच्या टेकडीवर गणपतीला दिसलेला माणूस सोमवारी काठी घेऊन दिसला, की दोन साक्षीदार जमतात. पण सांधेवातात सकाळी आखडलेले गुडघे दुपारी मोकळे होतात, सिकल सेलची कळ थंडीने किंवा पाणी कमी प्यायल्याने उसळते, आणि चाकाच्या खुर्चीतली अनेक माणसे चार पावले चालू शकतात, चाळीस नाही. चौकाला पाय एक तर कायमचा गेलेला हवा, नाही तर कायमचा धड. मधल्या पायासाठी त्याच्याकडे रकाना नाही.

निदानानंतर उपचार येतो. ‘‘काठीची सवय लागते भाऊ, सोडून द्या.’’ तेल, लेप आणि एका काकांचा पत्ता मोफत मिळतो. तरुण स्त्री असेल तर तिच्या लग्नाचे काय होणार, हा प्रश्न पायापेक्षा आधी तपासला जातो. बसमध्ये राखीव सीट मागितली, तर दिव्यांगत्वाचे कार्ड दाखवण्याची मागणी वाहकाच्या आधी प्रवासी करतात. कार्ड तीन रंगांचे असते : ४० टक्क्यांखाली पांढरे, ४० पासून ८०च्या आत पिवळे, ८० आणि त्यापुढे निळे. त्यावर कळ किती वाजता येते, ते छापलेले नसते.

या सेवेलाही कायदा आहे. दिव्यांग व्यक्तीला लोकांसमक्ष हिणवण्याच्या हेतूने जाणूनबुजून अपमानित केल्यास २०१६च्या कायद्याच्या कलम ९२ नुसार सहा महिने ते पाच वर्षे कैद आणि दंड आहे. चौकाचे म्हणणे असे, की हा अपमान नसून काळजी आहे. बनावट प्रमाणपत्रे निघतात, हा चौकाचा आवडता युक्तिवादही खरा आहे. निघतात. पण ती काढणारा फायलीत कागद लावतो आणि तुरुतुरु चालत घरी जातो. भर उन्हात काठी टेकत गाडीची वाट पाहणारा माणूस तो नव्हे. बनावट कागद काढणाऱ्याला पकडायची धमक नाही, म्हणून समोर दिसेल त्या लंगड्या पायाला धरायचे, याला दक्षता म्हणत नाहीत. भेकडपणा म्हणतात.

एवढ्या तपासण्यांतून एकच गोष्ट सुटते : पायरी. चाकाच्या खुर्चीसाठी उताराचे प्रमाण एकास बारा असते. पायरी एक फुटाची, तर उतार बारा फुटांचा. तालुक्याच्या कोणत्याही गावात दुकानाच्या नाही तर कचेरीच्या दारात तीन फुटांत उरकलेला उतार भेटतो. त्यावर मोटारसायकल लावलेली असते, आणि ती पुष्कळदा परीक्षकाचीच असते. अपंगत्वाचे कागद पाहणारे टेबल वरच्या मजल्यावर असते. त्या उताराचे निदान करायला एक टेप आणि गवंड्याची पाण्याची नळी पुरते. एमआरआय लागत नाही, कुणाचे कार्ड मागावे लागत नाही. मोटारसायकल तेवढी काढावी लागते.