पाव फेरा

सोयाबीनची रास घरात आली, कापसाची पहिली वेचणी उरकली की पूर्णेजवळच्या चुडाव्यात दोन-चार दिवस हात मोकळे असतात. मोकळ्या हातांची मोटारसायकलीला जेवढी धास्ती असते तेवढी खड्ड्यांचीही नसते. अंगणात पोतं अंथरलं जातं, स्प्लेंडर डबल स्टँडवर चढते, पोराच्या हातात मोबाईलची बॅटरी येते. 'हिकडं धर. माझ्या डोळ्यात नको, बोल्टावर धर.' क्लच जरा स्लिप होतो, एवढंच निमित्त. पूर्णेला मिस्त्री आहेत, नांदेडला तर पैशाला पासरी. पण पाना घेऊन बसलेल्या या गृहस्थाला मिस्त्रीकडं जाणं म्हणजे स्वतःच्या पोराला शेजाऱ्याकडून जेवू घालण्यासारखं वाटतं. दहाचा रिंग पाना निघतो, त्यावर हापशाच्या पाईपाचा तुकडा चढतो, घरातलं कोणीतरी 'बघा बरं, तुटंल' म्हणतं आणि ते पुरं व्हायच्या आत 'टक्' आवाज येतो. डोकं पान्यात, धड इंजिनात. ते डोकं तळहातावर घेऊन तो निकाल देतो, 'कंपनीनंच बोल्ट कच्चे टाकलेत.'

या निकालावर अपील करायचं आहे. माझं म्हणणं असं, की हा बोल्ट आज खोलताना तुटलेला नाही. तो गेल्या दिवाळीत आवळतानाच संपला होता. आज फक्त पंचनामा झाला. पुरावा त्याच्याच तळहातावर आहे. मोडलेल्या तोंडाकडं उन्हात नीट पाहिलं तर पुष्कळदा त्यात दोन रंग दिसतात. एका कडेला काळपट, तेलकट डाग आणि उरलेला भाग ताजा, राखाडी, चमकणारा. चमकतो तो भाग आत्ताचा. काळपट जागी तडा कधीच गेला होता आणि त्यात तेल-मळ शिरून बसला होता. बोल्ट न मोडता निघाला तरी दुसरा पुरावा मिळतो. तसाच एक नवा बोल्ट घ्यावा, दोघांचे आटे एकमेकांत बसवावेत आणि उजेडाकडं धरावेत. पहिले काही आटे बसतात, पुढं फटीतून उजेड यायला लागतो, कारण जुना बोल्ट ओढला जाऊन लांब झालेला असतो. बोल्टाचं सगळं काम या ओढीवरच चालतं. आवळला की तो किंचित लांबतो, मूळ लांबीवर यायला बघतो आणि त्या ओढीत दोन भाग धरून ठेवतो. त्याच्या डोक्यावर ८.८ असं उठवलेलं असेल, तर पहिला आठ सांगतो की दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटनपर्यंत तो तुटायचा नाही. टिंबापुढचा आठ सांगतो की त्याच्या ऐंशी टक्क्यांवर, म्हणजे ६४० च्या पुढं, तो कायमचा लांबणार. ६४० आणि ८०० यांच्या मधल्या चिंचोळ्या गल्लीत आपल्या नायकाचं बिऱ्हाड आहे. पत्ता : पाव फेरा.

पाव फेरा हे त्याचं कुलदैवत. बोल्ट बसला, पाना थांबला, की इतर माणसं पाना खाली ठेवतात. हा पाना पुन्हा लावतो. 'आसूंदे, आनखी पाव फेरा मारतो.' बरं, हे मोटारसायकलीपुरतं असतं तर गोष्ट वेगळी. नळ बंद झाल्यावर तो पाव फेरा देतो, म्हणून वायसर कापला जातो, म्हणून नळ गळतो, म्हणून आणखी पाव फेरा. गॅसचा रेग्युलेटर, फवारणीच्या पंपाचं झाकण, बोअरच्या पाईपाचं कपलिंग, कशाचीही सुटका नाही. लोणच्याची बरणी त्यानं बंद केली असेल त्या दिवशी घरात लोणचं नाही. पोरीचा डबा शाळेतून भरलेलाच परत येतो आणि तिला भूक का लागत नाही म्हणून तो चिंता करतो. मतदानाला गेला तर मशीन वाजून थांबलं तरी याचं बोट बटणावरच. आतल्या साहेबांना सांगावं लागतं, 'झालं काका, या आता.'

यावर पहिला आक्षेप गंजाचा. पोलादाचा बोल्ट, क्लचवरचं अॅल्युमिनियमचं कव्हर आणि दोघांमध्ये शिरलेलं पाणी. दोन धातूंचं आतल्या आत कुजणं सुरू होतं आणि बोल्ट जागेवर धरला जातो. शेतातून आलेली चिखलाची गाडी मोटारीच्या पाण्यानं धुवायची सवय इथं सगळ्यांनाच, तेव्हा आक्षेप खोटा नाही. पण त्याच कव्हराचे बाकीचे बोल्ट पाहावेत. वय तेच, पाणी तेच, चिखल तोच. तरीही फूटरेस्टच्या आणि ब्रेकच्या पायडलच्या आड, अडचणीत बसलेले बोल्ट निमूट सुटतात आणि मोडतात ते दर्शनी, जिथं पाईप मोकळा फिरतो ते. गंज जागा बघून लागत नाही, पाव फेरा मात्र जागा बघूनच मारता येतो. त्यात भर उष्णतेची. अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. थंड इंजिनावर हद्दीपर्यंत आवळलेला बोल्ट पूर्णेपर्यंत गाडी तापली की आणखी ओढला जातो. मालक सीटवर निवांत बसलेला असतो आणि खाली इंजिन त्याच्या वतीनं उरलेलं काम करत असतं.

दुसरा आक्षेप त्याचा स्वतःचा, कच्च्या बोल्टाचा. स्प्लेंडर १९९४ मध्ये बाजारात आली. एक सिलिंडर, ९७.२ सीसी, हवेवर थंड होणारं साधंसुधं इंजिन. बघितलं की उघडावंसं वाटतं, हा दोष असलाच तर कंपनीचा आहे. बोल्टाचा हिशेब मात्र पक्का असतो. सहा मिलिमीटरच्या बोल्टाला साधारण १० न्यूटन-मीटर पुरतात, म्हणजे दहा सेंटिमीटरवर हात ठेवून दहा किलोची ओढ. दहाचा पाना आखूड असतो तो लोखंड वाचवायला नव्हे. माणसाचं मनगट आणि बोल्टाचा जीव यांचा मेळ त्या लांबीत घातलेला असतो. पान्याला दोन फुटी पाईप लागला की तीच ओढ सहापट होते आणि मेळ बसवणारा इंजिनियर हरतो. शिवाय पान्यावर लावलेल्या जोराचा नऊ दशांश वाटा बोल्टाच्या डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणातच खर्च होतो, ओढीला उरतो तो जेमतेम दहावा हिस्सा. आपला नायक गंजू नये म्हणून आट्यांना आधी ग्रीस चोपडतो. घर्षण कमी होतं, तेवढ्याच जोरात ओढ कितीतरी वाढते, आणि वर तो आपला नेमाचा पाव फेरा असतोच.

तिसरा आक्षेप शहाण्या माणसांचा : टॉर्क पाना घ्यावा, प्रश्न मिटला. समजा चाकणच्या कारखान्यात असलेला पुतण्या दिवाळीला येताना तो घेऊन आला. ठरलेल्या जोराला पाना कट् करतो. आपला नायक ते ऐकून खूश होतो, चार लोकांना बोलावून ऐकवतो, पाना कापडात गुंडाळून फळीवर ठेवतो आणि साध्या पान्यानं पाव फेरा मारून येतो.

बोल्ट मोडल्यानंतरचं त्याचं वागणं अभ्यासण्यासारखं आहे. खरं तर तिथं घाई नावालाही नको. सांधीत तेल सोडावं, रात्रभर मुरू द्यावं, हलकेच ठोकावं, जागा तापवावी. याच्याकडं डब्ल्यूडी-४० ची बाटली असते, पण ती निघते मोडून झाल्यावर. (ते द्रव्य १९५३ मध्ये अमेरिकेत सॅन दिएगोला तयार झालं, पाणी हटवण्यासाठी, चाळिसाव्या प्रयत्नात, नावातला चाळीस तोच. चाळिसाव्या खेपेपर्यंत दम धरणाऱ्यांचा माल पहिल्या पाच मिनिटांत कपाळाला हात लावणाऱ्यांच्या घरोघर आहे.) मग ड्रिल मशीन येतं. थोटकाच्या बरोबर मध्यभागी पंच मारून खूण करावी लागते, ती करायची राहते. ड्रिलची पिन कठीण पोलादावरून घसरते आणि शेजारच्या मऊ अॅल्युमिनियममध्ये आनंदानं शिरते. हाताशी उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर असेल तर तो भोकात ठोकून उलटा फिरवायचा. तो अतिशय कठीण आणि तितकाच ठिसूळ. थोटूक हलेना म्हणून कोणीतरी त्यालाही पाव फेरा देतं आणि तो आतच मोडतो. आता जे आत बसलंय त्याला साधं ड्रिल लागत नाही. इतका वेळ बॅटरी धरून उभं असलेलं पोरगं इथं पहिल्यांदा बसतं.

पुढचा रस्ता वेल्डिंगवाल्याकडं. थोटकावर एक नट ठेवून नटाच्या पोटात वेल्डिंग भरायचं. अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळत असलं तरी पोलादाचं वेल्डिंग त्याला धरत नाही, थोटकाला मात्र धरतं; शिवाय त्या उष्णतेनं गंजाची पकड सुटते. ट्रॉलीचे हूक आणि पेरणी यंत्राचे फण सांधणारा माणूस, लाईट असली तर, दोन मिनिटांत हे करतो आणि थोटूक बोटानं फिरवून हातावर ठेवतो. तेही न जमलं तर इंजिन नांदेडला लेथवाल्याकडं; भोक मोठं करायचं, बुश टाकून नवे आटे पाडायचे. रॉबर्ट पिर्सिग या अमेरिकन लेखकानं १९७४ च्या आपल्या गाजलेल्या मोटारसायकलवरच्या पुस्तकात अडकलेल्या स्क्रूवर पानंच्या पानं लिहिली आहेत. त्याचं म्हणणं, की एरवी कवडीमोलाचा स्क्रू असा अडला की त्याची किंमत अख्ख्या गाडीएवढी होते. पिर्सिगला तिथं तत्त्वज्ञान सुचलं, आपल्या नायकाला कंपनीवर केस टाकायचं सुचतं.

आता खरा अवघड प्रश्न. गावातला मिस्त्रीसुद्धा टॉर्क पाना वापरत नाही, मग त्याचे बोल्ट का मोडत नाहीत? कारण आज आवळलेली गाडी चार महिन्यांनी त्यालाच खोलायची असते आणि अशा कित्येक गाड्या त्याच्या हाताखालून जातात. जास्त आवळण्याची शिक्षा त्याला वेळेवर आणि नेमकी मिळते. मोडण्याआधी बोल्ट एकदम मऊ लागतो. हात जोर लावतोय, पाना सरकतोय, पण घट्टपणा वाढत नाही. मिस्त्री तिथं थांबतो. आपल्या नायकाला वाटतं, चांगला बसतोय. या भागात हाताला हे शहाणपण देणारी एक मोठी जागा होती, पूर्णेचं मीटरगेजचं लोको शेड. नुसत्या ठोक्यावरून चाकातला तडा ओळखणारी माणसं रेल्वेनं पोसली ती अशा जंक्शनांवर. १९९० च्या दशकात मनमाडकडून ब्रॉडगेज आलं, वाफेची इंजिनं गेली आणि इथल्या पोरांना ते मोजमाप शिकवणारं कोणी राहिलं नाही. उरलं यूट्यूब. तिथं बोल्ट दिसतो, ऐकूही येतो. मऊ लागत नाही.

पण फक्त न शिकल्याचा हा दोष मानला तर लोणच्याच्या बरणीचा खुलासा होत नाही. पाव फेऱ्याचं मूळ अविश्वासात आहे, आणि तो फुकटचा नाही. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात ठिकठिकाणी सोयाबीन उगवलंच नाही. पिशवीवर उगवणीची टक्केवारी छापलेली होती, शिक्का होता, आणि सरीत नुसती माती. औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली तेव्हा कुठं यंत्रणा हलली. डांबराखालची काळी माती पावसात फुगते, उन्हात फाटते, आणि वरचा रस्ता ठेकेदार जायच्या आत त्याच्या मागं निघतो. त्या रस्त्यावर नट सैल होऊन गळतात, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलंय. दुसऱ्यानं 'घट्ट आहे' म्हणून सांगितलेली एकेक गोष्ट ज्याच्या हातात ढिली निघाली, तो स्वतःच्या हातातल्या पान्यावर थोडा जास्त भार टाकणार. त्या गाडीवर मागं बायको बसते, पुढं टाकीवर पोरगी.

हे त्याचं वकीलपत्र घेणं झालं, असं कोणी म्हणेल. भीतीनं का होईना, बोल्ट मोडतो तो मोडतोच. मान्य. म्हणून एक शेवटचा पुरावा, आणि तो देताना मला फारसा आनंद होत नाही, कारण इतका वेळ चालवलेल्या खटल्यातली हवा त्यानं थोडी निघून जाते. नांदेडच्या रस्त्यावर कोणाची गाडी बंद पडलेली दिसली की हा हमखास थांबतो. काय झालं विचारत नाही, स्वतःच्या गाडीच्या साईड कव्हरमधून पाने काढतो आणि उकिडवा बसतो. प्लग काढून काळा झाला असेल तर पॉलिश पेपरनं घासतो, फुंकर मारतो, हातानं आटे लावून घेतो, शेवटी पान्यानं बेताचा आवळतो. आणि पाना खाली ठेवतो. पाव फेरा नाही. का, तर 'दुसऱ्याची गाडी हाय, उगं आटे जातील.' पैसे घेत नाही, नाव विचारत नाही, किक मारून देतो आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत आवाज ऐकत उभा राहतो. म्हणजे माप त्याच्या हाताला पहिल्यापासून ठाऊक आहे. परक्याचा बोल्ट तो बोल्टासारखा आवळतो, घरच्या बोल्टावर सगळ्या घराची काळजी लटकवतो.

तेव्हा लिंबगाव ते पूर्णा या टप्प्यात गाडी बंद पडली आणि असा कोणी थांबला, तर बिनधास्त बाजूला होऊन त्याला इंजिनाला हात लावू द्यावा. फक्त निघताना बोलण्याच्या ओघात तो म्हणालाच, की माझी जुनी स्प्लेंडर विकायची आहे, सगळं काम घरी केलेलं आहे, एक बोल्ट ढिला सापडायचा नाही, तर त्याच्या या शेवटच्या वाक्यावर पूर्ण विश्वास ठेवावा आणि गाडी दुसरीकडं बघावी.