मॉडेल : अस्मादिक

लिनक्सचा नवा कर्नल आला की लोक सुरक्षेच्या दुरुस्त्या वाचतात. मी आधी एवढंच बघतो, की बोर्डावरचं माझं नाव राहिलं का.

डिव्हाइस ट्री म्हणजे बोर्डावर काय काय आहे ते कर्नलला सांगणारी फाइल. तिच्या मुळाशीच ‘मॉडेल’ ही ओळ असते. बोर्ड बनवणारा तिथे आपलं नाव घालतो. मी ते खोडून माझं घातलं. म्हणायला फाइल उघडली होती डीएस३२३१ या घड्याळाच्या चिपसाठी. आयटूसी पत्ता हेक्समध्ये ६८, चार-पाच ओळींचं काम. पण ती ओळ दिसली आणि राहवेना. पुढे येईल त्या पाहुण्याला चहाआधी ती दाखवायचा शिरस्ताच पडला. भाचा म्हणाला, “मामा, हा बोर्ड तू बनवलास?” मी नाही म्हणालो नाही.

हे झाड आलं कुठून, ते सांगितल्याशिवाय मी पाहुण्याला सोडत नाही, तुम्हीही बसा. मूळ सनच्या वर्कस्टेशनांतलं. १९९४ साली त्याचं आयईईई १२७५ हे मानक झालं, पॉवरपीसीच्या मॅकमध्येही ते आलं. एआरएमवाले मात्र एकेका बोर्डाची माहिती सी भाषेत थेट कर्नलमध्ये कोंबत राहिले. २०११ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स त्यावर जाहीर वैतागले, तेव्हा कुठे मंडळी झाडाखाली आली. झाड लागतं ते एवढ्यासाठी, की यूएसबीचं यंत्र जोडल्याबरोबर आपली ओळख सांगतं. आयटूसीची चिप गप्प बसून राहते. तिच्या वतीने कुणीतरी लिहावं लागतं. कुणीतरी म्हणजे, अर्थात, मी.

आणि अपडेट येऊन माझ्या डीटीबीवर, म्हणजे या झाडाच्या बायनरी फाइलवर, स्वतःची डीटीबी टाकतो. सोसायटीच्या रंगाऱ्याने दारावरच्या पाटीसकट भिंत रंगवावी, तसं. पाटी जाते ती जाते, घड्याळही जातं.

खरं लागतं ते निराळंच. ईटीसीमधल्या कॉन्फिग फाइलला हात लावण्याआधी डेबियनचं डीपीकेजी थांबून विचारतं: तुम्ही यात बदल केलेत, तुमची ठेवू की नवी घेऊ? माणसाने हाताने लिहिलेल्या ओळीचा हा मान कुणीतरी विचार करून ठेवलेला आहे. डीटीबीच्या वाट्याला तो नाही. तिच्यासाठी जागलेल्या रात्री कुठल्याच पॅकेजच्या हिशेबात नसतात.

तेव्हा मूळ फाइलला शिवू नका. जुनी डीटीबी परत बसवण्याचा मोहही नको; नव्या कर्नलबरोबरच्या दुरुस्त्या तिच्यात नसतात. आपले बदल ओव्हरलेत, म्हणजे मूळ झाडावर चढवायच्या वेगळ्या फाइलीत, लिहा आणि ईटीसी-कर्नलखालच्या पोस्टइन्स्ट-डीमध्ये स्क्रिप्ट ठेवा. नव्या कर्नलची आवृत्ती तिला आयती मिळते. त्याच्या डीटीबीवर तिने ओव्हरले चढवायचा. स्क्रिप्टला चालण्याची परवानगी द्या, आणि नावाच्या शेवटी डॉट-एसएच लावू नका. नावात टिंब दिसलं की डेबियनचा रन-पार्ट्स ती फाइल चालवतच नाही, आणि तसं सांगतही नाही.