हेलियम हंयच गावलो!

आमच्या सिंधुदुर्गात नुसती जागा असून भागत नाही. तिला गोष्ट लागते, आणि गोष्टीला ‘आशियातील पहिला’, ‘जगात एकमेव’, गेला बाजार ‘भारतातील सर्वांत मोठा’ असं एखादं शेपूट लागतं. १९९७ साली हा जिल्हा ‘पर्यटन जिल्हा’ म्हणून जाहीर झाला. तोही अर्थातच देशातला पहिला. तेव्हापासून रस्त्यांचं काय झालं, यावर दोन मतं असतील. गोष्टींचं पीक मात्र जोरदार आलं. हापूस निदान वर्षाआड तरी दगा देतो. हे पीक कधी चुकत नाही.

देवबागचं त्सुनामी बेट घ्या. कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे वाळूचा एक पट्टा आहे. भरतीला पाण्याखाली जातो, ओहोटीला डोकं वर काढतो. नदीच्या मुखाशी वाळू साचते, हे शाळेत भूगोलाच्या बाईंनी फुकट सांगितलं होतं. पण भूगोल बघायला होडीचं भाडं कोण देणार? म्हणून २००४ च्या डिसेंबरात सुमात्रापाशी उठलेली लाट तमिळनाडू झोडपून, अख्ख्या देशाला वळसा घालून, नेमकी देवबागात वाळू टाकून गेली, असं होडीवाला सांगतो. लाखो माणसं ज्या लाटेने नेली, तिचं नाव घेत आपण फुगवलेल्या केळ्यावर बसतो, किंचाळतो आणि मग गुडघाभर पाण्यात मांडलेल्या बाकड्यावर कांदाभजी खातो. हरकत कुणाचीच नाही. भजी चांगली असते.

मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्ग किल्ल्यात गेलात तर निराळाच प्रकार. भर समुद्रातल्या कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ साली हा किल्ला बांधायला घेतला. मुहूर्ताची पूजा झाली तो मोरयाचा धोंडा अजून किनाऱ्यावर आहे. पायात शिसं ओतलेलं, चारही बाजूंना खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. महाराजांच्या हातापायाचे ठसे आहेत, राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं देऊळ आहे. एवढं सगळं असताना होडीतून उतरलेला पाहुणा विचारतो काय, तर “तो फांदीवाला माड कुठे आहे हो?” माडाला फांदी फुटली, हे नवल खरंच. पुढे एका फांदीवर वीज पडली. तरी माडाखालची गर्दी हटत नाही. विहिरींपाशी मी उभा होतो तेवढ्या वेळात एक आजोबा तेवढे वाकून बघून गेले, आणि पाण्यात प्लास्टिकची बाटली तरंगताना बघून ‘अरे अरे’ म्हणाले.

त्याच किल्ल्यासमोर, किनाऱ्यावर, राजकोट आहे. तिथे ४ डिसेंबर २०२३ ला पंतप्रधानांच्या हस्ते महाराजांच्या ३५ फुटी पुतळ्याचं अनावरण झालं आणि २६ ऑगस्ट २०२४ ला तो कोसळला. वाऱ्यामुळे, असं सांगण्यात आलं. वारा बिचारा तिथे १६६४ पासून येतोय. समोरच्या तटाला त्याने कधी विचारलं नाही, याला नऊ महिने पुरे झाले नाहीत तोच गाठलं. २०२५ च्या मे महिन्यात नवा पुतळा उभा राहिला. आधीपेक्षा उंच. या प्रकरणी चौकशी, समिती, अटक सगळं झालं. समोरचा किल्ला बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांनी चुन्यात काय मिसळलं होतं, तेवढं विचारायचं कुणाला सुचलं नाही.

खरोखर जगावेगळी म्हणावी अशी गोष्ट आमच्याकडे आहे, पण तिचं तिकीट लावता येत नाही. आचऱ्याची गावपळण. रामेश्वराचा कौल मिळाला की अख्खा गाव गुरंढोरं, कोंबड्या-कुत्र्यांसकट घरं सोडतो आणि वेशीबाहेर झोपड्या, राहुट्या टाकून तीन दिवस तीन रात्री राहतो. गावात माणूस नाही, दिवा नाही. आता हे दाखवायचं कसं? बघायला माणसं गेली की बघण्यासारखं काही उरत नाही. पर्यटनवाल्यांची एवढी गोची दुसऱ्या कुठल्या देवाने केली नसेल.

पण गोष्टींचा खरा राजा विजयदुर्ग. तिहेरी तट, वाघोटणची खाडी, खडकात कोरलेली गोदी, पाण्याखालची भिंत. गेल्या वर्षी, म्हणजे जुलै २०२५ मध्ये, जागतिक वारसा यादीत आलेल्या बारा किल्ल्यांत हाही आहे. १७५६ साली नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली आणि याच बंदरात आंग्र्यांचं आरमार जळालं, हा भाग गाइड एका दमात उरकतात. मग आवाज चढतो, कारण आता ‘साहेबाचे ओटे’ येतात. १८ ऑगस्ट १८६८. खग्रास सूर्यग्रहण. नॉर्मन लॉकयर नावाच्या साहेबाने या ओट्यांवर दुर्बीण रोवली, सूर्यात पिवळी रेघ बघितली आणि हेलियम सापडला! दर १८ ऑगस्टला इथे हेलियम दिनही साजरा होतो.

मी गाइडला बाजूला घेऊन म्हटलं, अहो, ग्रहणाचा पट्टा इथून गेला हे खरं, पण त्या दिवशी लॉकयर इंग्लंडात होता. लष्करी खात्यात कारकून होता तो. गुंटूरला दुर्बीण लावून बसला होता तो फ्रेंच जान्सेन. लॉकयरने ऑक्टोबरात, ग्रहण नसताना, तिकडूनच सूर्य तपासला. दोघांची पत्रं पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी पोचली, म्हणून फ्रेंचांनी एका पदकावर दोघांचे चेहरे कोरले.

गाइडने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, “काका, लंडनात सूर्य दिसता खय? साहेब हंयच इल्लो. हेलियम हंयच गावलो.”

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हतं, आणि अजून नाही.

गंमत पुढेच आहे. साहेब आला होता! २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला, तीस वर्षांनी, तोवर ‘सर’ झालेला नॉर्मन लॉकयर खरोखरच आपला लवाजमा घेऊन विजयदुर्गात उतरला. ओटे त्या मुक्कामाचे असणार, हे सरळ दिसतं. मदतीला ‘मेल्पोमीन’ या आरमारी जहाजाचे अधिकारी आणि खलाशी होते. दोरखंड ओढणाऱ्या, तोफा पुसणाऱ्या गड्यांना शास्त्रज्ञाने आधी तालीम दिली: कुणी काय बघायचं, कुणी काय टिपायचं. आणि हे सगळं कशासाठी, तर जेमतेम दोन मिनिटांच्या अंधारासाठी. आंग्र्यांचं आरमार जिथे जाळलं, तिथेच जवळपास दीडशे वर्षांनी इंग्रजांचं आरमार माना वर करून सूर्याचं निरीक्षण करत होतं. याहून झकास गोष्ट मागून मिळेल का?

पण ती चालत नाही, कारण तिच्यात ‘शोध’ नाही. हेलियम १८९५ मध्येच रॅम्झीने प्रयोगशाळेत खनिजातून बाहेर काढला होता. साहेब आला तेव्हा सगळं आटोपलं होतं. आणि ‘इथे एक साहेब येऊन दोन मिनिटं नीट बघून गेला’ अशा मजकुराचा फलक उद्घाटनाला कसा शोभणार? मंत्री फीत कापतील ती कशाची? एखाद्याने नुसतं लक्षपूर्वक बघितलं, याचं आम्हाला कौतुक नाही. आम्हाला काहीतरी ‘गावायला’ हवं.

हिशेब केला तर केरळने आधी भांडायला हवं. १८७१ च्या ग्रहणाला हाच लॉकयर कासरगोडजवळ बेकलच्या किल्ल्यावर आला होता. तिथल्या गाइडांना हे अजून कळलेलं दिसत नाही. कळलं तर निऑन तिथे सापडला म्हणून सांगतील.

माझा फलकांना विरोध नाही. देवगड-मालवण पट्ट्यात फलक रंगवणाऱ्यांचीही चूल पेटली पाहिजे. पुढच्या वेळी पत्र्यावर ब्रश लागेल तेव्हा १८६८ खोडून १८९८ एवढं करा. रंग एका आकड्याचाच लागेल. हेलियम दिनही खुशाल ठेवा, फक्त २२ जानेवारीला आणखी एक कार्यक्रम करा. त्या दिवसांत पाऊस नसतो, आकाश स्वच्छ असतं, शाळा चालू असतात. पोरांना ओट्यावर बोलवा आणि संरक्षक चष्म्यातून दोन मिनिटं सूर्य बघू द्या. भाषण मात्र कुणाचंही ठेवू नका.