बोट लागली

माझ्या साडूंना पन्नाशीनंतर जे जे झालं, त्याची झळ मला बसली. आधी त्यांना मॅरेथॉन झाली. तेव्हा भल्या पहाटे त्यांचे कपडे आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळत मी मरीन ड्राइव्हवर कुडकुडत उभा होतो. मग पक्षिनिरीक्षण झालं. त्यात कर्नाळ्याच्या रानातले डास माझं निरीक्षण करून गेले. आता शिडाची बोट झाली आहे. चार मित्रांनी मिळून घेतलेली, अठ्ठावीस फुटी, सेकंडहँड. साडूंचा तिच्यात एक चतुर्थांश हिस्सा. तो नेमका कुठला चतुर्थांश, हे सौ.ने विचारल्यापासून दोन्ही बहिणींत थोडा दुरावा आहे.

‘‘तुम्ही यायलाच हवं,’’ साडू म्हणाले. ‘‘वाऱ्याने बोट एका अंगाला कलते. तेव्हा दुसऱ्या अंगाला वजन लागतं.’’

आजवर माझं वजन हा घरात डॉक्टरांच्या हवाल्याने बोलायचा विषय होता. त्याची कुणाला गरज पडेल असं वाटलं नव्हतं. मी भारावून हो म्हटलं.

बेत खांदेरीचा होता. मुंबईच्या दक्षिणेला वीसेक किलोमीटरवर, अलिबागजवळच्या थळसमोर ही दोन बेटं आहेत. किनाऱ्याजवळची उंदेरी, पलीकडची खांदेरी. शिवाजी महाराजांच्या हुकमाने मायनाक भंडारी ऑगस्ट १६७९मध्ये खांदेरीवर उतरला आणि त्याने तट बांधायला घेतला. मुंबईच्या इंग्रजांना हे दारात येऊन बसल्यासारखं वाटलं. २०२५मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत खांदेरी आहे. तेव्हापासून साडू तिच्याविषयी स्वतः बांधल्यासारखे बोलतात.

सकाळी आठला निघालो. सात ठरले होते. एक तास मेहुणीच्या डब्यांनी घेतला. दुसऱ्या दिवशी एकादशी, म्हणून दशमीलाच सगळं खाऊन घ्यायचं अशा बेताने दोघी बहिणींनी तयारी केली होती. प्राँग्जचं दीपगृह उजव्या हाताला मागे पडेपर्यंत सगळं झकास होतं. जमिनीकडून मतलई वारा येत होता, शीड भरलं होतं, बोट पश्चिमेकडे कलली होती आणि मी पूर्वेकडे बसून कर्तव्य बजावत होतो. साडू सुकाणूचा दांडा धरून ‘‘थोडे मागे सरका, थोडे पुढे,’’ अशा आज्ञा देत होते. मधेच ते ‘‘डोकी खाली!’’ म्हणाले. शिडाखालची आडवी काठी सर्रकन या बाजूची त्या बाजूला गेली. सौ. आणि मेहुणी वाकल्या होत्या. मी ‘‘काय म्हणालात?’’ असं विचारायला उभा राहिलो होतो.

दहाच्या सुमाराला वारा पडला. शाळेच्या भूगोलात मतलई वारे आणि खारे वारे शिकवतात. दोहोंच्या मधे सरकारी कचेरीतल्या जेवणाच्या सुट्टीसारखा एक काळ असतो, तो शिकवत नाहीत. एक गेलेला असतो, दुसरा आलेला नसतो आणि विचारायला खिडकीवर कुणी नसतं. शीड लोंबू लागलं. बोट पुढे जायची थांबली आणि नुसती डुलू लागली. मी आवळासुपारी तोंडात टाकली, क्षितिजाकडे बघितलं, लांब श्वास घेतला आणि कठड्यावरून वाकून सकाळचे पोहे अरबी समुद्राच्या स्वाधीन केले.

‘‘वजन कमी करू नका हो,’’ साडू म्हणाले. त्यांना मी अजून माफ केलेलं नाही.

मग इंजिन सुरू केलं. बाराच्या आत खांदेरीच्या टेकडीवरचं दीपगृह अगदी स्पष्ट दिसू लागलं. ते १८६७चं. मेहुणीने डबे उघडायला घेतले, कारण पोहोचल्यातच जमा होतो. समुद्रात पोहोचल्यातच जमा असण्याइतकं धोक्याचं काही नाही, हे आता सांगतो. भर दर्यात बोटीला आपटायला काही नसतं. खडक, जाळी, उथळ पाणी, जेट्टीची भिंत, सगळं बेटाच्या भोवती जमलेलं असतं.

समोर पांढरे-निळे प्लॅस्टिकचे कॅन रांगेने तरंगत होते. ‘‘काय कचरा टाकतात लोक!’’ साडू हळहळले आणि त्यांच्या मधून त्यांनी बोट घातली.

खालून आधी गुरगुर आली, मग कण्हल्यासारखा आवाज, मग काहीच नाही. इंजिन बंद. मागे वाकून पाहिलं तर पाण्याखाली हिरवा दोर पंख्याला गच्च गुंडाळला गेला होता आणि त्यामागे जाळं पसरलं होतं. शिडाला वारा नाही, पंख्याला फिरायला जागा नाही. पाणी मात्र ओहोटीचं, आणि ते कामात चोख. ते आम्हाला अलगद बेटाच्या काळ्या खडकांकडे घेऊन चाललं.

साडूंच्या पुढ्यात खोली दाखवणारं यंत्र आहे. त्यावर आकडा दिसतो. सहा मीटर. पाच. साडेचार. बोटीच्या पोटाखालची कील दीड मीटर खोल जाते, हे साडूंनी आम्हाला निघताना अभिमानाने सांगितलं होतं. आता त्याची आठवण कुणी काढली नाही. आकडा तेवढा सगळे वाचत होते, मनातल्या मनात, ओठ हलवून.

‘‘नांगर!’’ साडू ओरडले.

नांगर पुढच्या पेटीत होता. पेटीवर डब्यांची पिशवी होती. पिशवीचा बंद पेटीच्या कडीत अडकला होता. मेहुणी म्हणाली, ‘‘आमटी सांडेल.’’ साडू जे म्हणाले ते त्यांच्या संसारात राहू दे. अखेर बंद कापला, साखळी ओढली, तिचा गुंता सोडवला. साडू नांगर डोक्यावर उचलून टाकणार तोच सौ.ने शांतपणे विचारलं, ‘‘दुसरं टोक बांधलंय का?’’

बांधलेलं होतं. पण ते खात्री करून घेईपर्यंत आकडा तीनच्या खाली आला होता. नांगर पडला, तळाच्या खडकावरून खडखडत गेला, कुठेतरी अडकला. बोट गिरकी घेऊन थांबली. खडकांवरचे शिंपले मोजता येतील इतक्या अंतरावर. मेहुणीने बेटावरच्या वेताळाला नारळ बोलला. नारळ आणलेला नव्हता, हे तिच्या लगेच लक्षात आलं. पण बोललेला परत घेता येत नाही.

मला या वेळी १६७९ आठवत होतं. भीती वाटली की मला इतिहास आठवतो. इंग्रजांनी रिव्हेंज आणि हंटर ही चांगली तोफा लावलेली गलबतं खांदेरीला वेढा द्यायला आणली होती. वारा पडला की ती जागच्या जागी. आणि मराठ्यांच्या वल्ह्यांच्या लहान होड्या रात्री त्यांच्या बाजूने दाणागोटा घेऊन बेटाला लागायच्या. थॉर्प नावाचा लेफ्टनंट तर बेटावर चाल करून गेला आणि मारला गेला. दारूच्या अंमलात होता म्हणतात. वेढा जानेवारी १६८०मध्ये उठला. आमच्याकडे तोफा नव्हत्या, आमटी होती, एवढाच फरक.

तेवढ्यात थळकडून एक होडी आली. पुढे पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा, मागे डोक्याला फडकं बांधलेला तांडेल. वाटलं, देवदूत आले. तांडेलाने कॅन बघितले, मग पंखा बघितला, मग आम्हा चौघांना एकेक करून बघितलं.

‘‘माझं जालं हाय ते.’’

साडूंनी पुढ्यातली नकाशा दाखवणारी इलेक्ट्रॉनिक पाटी त्याच्याकडे वळवली. ‘‘काका, नकाशात इथे काहीच दाखवलेलं नाही. हे बघा.’’

‘‘जालं मी पाटं टाकलं,’’ तांडेल म्हणाला. ‘‘नकाशावाल्याला सांगाया गेलू नाय.’’

मग पोरगा दातांत सुरी धरून पाण्यात उतरला. तीनदा-चारदा वर येऊन श्वास घेतला, पुन्हा गेला. दोर कापताना तो ‘‘हितं नको, हितनं काप,’’ असं बापाच्या सांगण्यावरून कापत होता. जाळं वाचेल तेवढं वाचवायचं होतं. शेवटी वर आला तेव्हा त्याच्या मनगटापासून कोपरापर्यंत रक्ताच्या बारीक रेघा होत्या. आमच्या बोटीच्या बुडाला कालवं धरलेली, त्यांच्या धारेने. साडूंचा चेहरा पडला. मेहुणीने डब्याचं फडकं काढून त्याच्या हाताला गुंडाळलं आणि ती रागावल्यासारखी रडायला लागली. पोरगा अवघडून म्हणाला, ‘‘काय नाय मावशी, खाऱ्या पान्यानं बरं होतं.’’ मग त्याने तिच्याकडे बघायचं टाळत फडक्याची गाठ दाताने घट्ट केली.

इंजिन तरी चालू होईना. तांडेलाने दोर टाकून आम्हाला खडकांपासून लांब ओढलं. साडू म्हणाले, ‘‘आता जेट्टीला लावू या ना?’’ बेटाच्या दोन टेकड्यांच्या मधल्या सखल जागेत ती छोटी जेट्टी दिसत होती.

‘‘तुमची किती खोल जाते?’’

‘‘दीड मीटर.’’

‘‘फुटात सांगा.’’

‘‘पाच.’’

‘‘मंग तीनच्या आधी नाय. आज दशमी. तिथीची पाऊनपट करायची. दाहाची पाऊनपट साडेसात. साडेसातला भरती, दीडला पार सुकती. या टायमाला ही आत नेली तर चिखलात बसंल.’’

साडूंच्या पाटीवर भरती ७ वाजून ३८ मिनिटांनी होती. त्यांनी ती हळूच उलटी ठेवली. सौ. मात्र बोटांवर काहीतरी मोजत राहिली.

बोट बाहेर नांगरून आम्ही तांडेलाच्या होडीतून बेटावर गेलो. मी तळाशी, मासळीच्या टोपलीला टेकून बसलो आणि तेवढ्या वेळात मला एकदाही मळमळलं नाही. खांदेरी: तट मजबूत आहे, तोफा गाड्यांवर आहेत, एक दगड दगडाने वाजवला की धातूसारखा वाजतो. साडूंनी तो वाजवला. वेताळापुढे मेहुणी रिकाम्या हाताने उभी राहिली, तेव्हा तांडेलाने होडीतला नारळ आणून दिला. जाळं टाकायला निघताना तो जवळ असतोच म्हणे.

हिशेबाची वेळ आली तेव्हा साडूंनी पाचशेच्या नोटा काढल्या. ‘‘ओढून आनायचं पैसं नाय घेत,’’ तांडेल म्हणाला. ‘‘जाल्याचं घेईन. दोर किती वाव गेला त्यो मोजतो.’’ आणि त्याने खरोखर हात फैलावून तुटलेला दोर वाव-वाव मोजला, फाटलेली जाळी उलगडून बघितली आणि रास्त रक्कम सांगितली. नारळाचे वेगळे धरले नाहीत. वर थोडी मांदेली दिली. सौ.ने ती आनंदाने घेतली, एकादशी उद्या होती.

चारच्या सुमाराला खारा वारा जोरात सुटला. इंजिन कुरकुरत चालू झालं. पण आम्ही दोघांनी तांडेलाबरोबर थळ गाठलं आणि अलिबागहून एस.टी. धरली. साडू आणि मेहुणी वाऱ्याला तोंड देत, डावीकडे-उजवीकडे तिरपे जात, रात्री पावणेदहाला मुंबईत पोहोचले. माझ्या जागी वजनाला डब्यांची पिशवी ठेवली होती असं कळलं.

मंगळवारी साडूंचा फोन आला. पुढच्या रविवारी पुन्हा खांदेरी, या वेळी सकाळी सातला सक्त. मी काही बोलायच्या आत सौ.ने भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे बघितलं, फोन माझ्या हातातून घेतला आणि म्हणाली, ‘‘रविवारी द्वितीया आहे, भाओजी. दीडला भरती. सातला निघालात तर सगळी वाट चढत्या पाण्याच्या उलट जाल.’’